तेवीस पिक्चर, तेवीसही ‘एक नंबर’: मार्व्हलची यादी लावायची कशी

गावात कोणालाही पिक्चर कसा होता म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं: ‘एक नंबर!’ आयर्न मॅन एक नंबर, थॉर एक नंबर, आणि ज्यात मध्येच डोळा लागला तोही एक नंबर. बोलायला हे ठीक आहे. पण मार्व्हलचे, म्हणजे त्या अमेरिकी सुपरहिरोंच्या मालिकेचे, तेवीस पिक्चर पाहून झाल्यावर पहिला कोणता, सातवा कोणता, शेवटचा कोणता हे वहीत उतरवायचं म्हटलं की भल्याभल्यांची गाडी अडते. मग दहापैकी गुण देऊन पाहतात. पंधरा पिक्चरना आठ-आठ मिळतात आणि यादी तिथंच बसकण मारते.

उपाय एकच आहे. गुण द्यायचे नाहीत, कुस्ती लावायची. शंकरपटात बैलजोडी घड्याळावर पळते, सेकंदाच्या फरकानं निकाल लागतो, म्हणून तिथं आकडा चालतो. पिक्चरला असं घड्याळ नाही. दंगलीत मात्र पैलवानाची ताकद कोणी आकड्यात विचारत नाही. दोघं समोरासमोर येतात, एकाची पाठ लागते, दुसरा पुढं जातो. पिक्चरची यादीही तशीच लागते. कशी, ते पुढं क्रमानं दिलं आहे.

सामान आणि मोसम

एक शंभर पानी वही, शिसपेन्सिल, खोडरबर आणि तेवीस जाड चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांसाठी कागद विकत आणू नका. लग्नसराईत घरात पत्रिकांचा गठ्ठा साचतोच. त्यातल्या ज्यांची मागची बाजू कोरी आहे त्या मधून कापल्या की काम झालं. पातळ कागद नको, कारण या चिठ्ठ्या पन्नासेक वेळा उचलून इकडून तिकडं ठेवायच्या आहेत.

पेनानं लिहू नका. का, ते शेवटी सांगितलं आहे.

वेळेचा हिशोब आधी करा. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ च्या ‘स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम’पर्यंतचे तेवीस पिक्चर मिळून जवळपास ५० तास होतात. आठवड्याला तीन धरले तर आठ आठवडे. खेड्यात हे आठ आठवडे एप्रिल आणि मे महिन्यातच सापडतात: कापसाची उलंगवाडी झालेली, तूर विकलेली, हरभरा-गहू घरात, आणि मृगाला अजून अवकाश. दसऱ्यानंतर वेचणीच्या दिवसांत सुरुवात केली तर आठ-दहा पिक्चरनंतर हमखास खंड पडतो. महिनाभरानं पुन्हा बसेपर्यंत पहिले पाच डोक्यातून पुसट झालेले असतात, आणि पुसट झालेला पिक्चर कुस्तीत विनाकारण हरतो. आठवड्याला तीनच्या वर मात्र जाऊ नका. सलग पाहिलेले चार पिक्चर डोक्यात एकमेकांत मिसळतात. कोणती मारामारी कशातली हेच सांगता येत नाही.

आधी धुरा आखा

वावराचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, आखल्याशिवाय पेरायला कोणी जात नाही. इथंही तसंच. २०२५ अखेर या मालिकेत ३७ पिक्चर झाले आहेत. नव्या माणसानं सगळे घेऊ नयेत. पहिल्या २३ मध्ये थॅनॉस हा खलनायक आणि त्याला हवी असलेली सहा रत्नं यांची एक मोठी गोष्ट सुरू होऊन संपते, म्हणून तिथंच धुरा घाला. उरलेले १४ नंतर याच यादीत घालता येतात.

धुऱ्याबाहेर काय ठेवायचं? बॅटमॅन आणि सुपरमॅन दुसऱ्या कंपनीचे, ते बाहेर. २००२ पासूनचे टोबी मॅग्वायरचे तीन स्पायडरमॅन, एक्स-मेनची जुनी मालिका, ‘व्हेनम’, हेही बाहेर. मोबाइलवरच्या मालिका बाहेर. सहा तासांची मालिका आणि दोन तासांचा पिक्चर यांची जोड लागत नाही. सगळ्यात जास्त घोळ स्पायडरमॅनमध्ये होतो. या तेवीसमधले स्पायडरमॅनचे स्वतःचे पिक्चर दोनच: ‘होमकमिंग’ आणि ‘फार फ्रॉम होम’.

तेवीसचा आकडा पाहूनच धाप लागत असेल तर पहिल्या टप्प्यातले सहा घ्या: ‘आयर्न मॅन’ आणि ‘द इन्क्रेडिबल हल्क’ (२००८), ‘आयर्न मॅन २’ (२०१०), ‘थॉर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’ (२०११), ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२). साडेबारा तासांत आटोपतात. हात बसायला एवढे पुरे.

कोणत्या क्रमानं पाहायचे

ज्या क्रमानं आले त्या क्रमानं. गोष्टीतल्या काळानुसार पाहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात: कॅप्टन अमेरिकाची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, कॅप्टन मार्व्हलची १९९५ ची, म्हणून हे दोन आधी. नव्या माणसाचं यानं नुकसान होतं. ‘कॅप्टन मार्व्हल’ २०१९ मध्ये आला तो ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’नंतर, आणि त्याच्या शेवटी नावं सुरू झाल्यावर जो छोटा प्रसंग येतो तो ‘इन्फिनिटी वॉर’ पाहिलेल्यालाच कळतो. तो दुसऱ्याच दिवशी पाहून बसलात तर पुढच्या सतरा-अठरा पिक्चरमधला धक्का आधीच फुटतो.

टप्पे असे: २००८ ते २०१२ सहा, २०१३ ते २०१५ सहा, २०१६ ते २०१९ अकरा. नीट सांभाळायच्या जागा तीन. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ (२०१६) ‘होमकमिंग’च्या (२०१७) आधीच पाहायचा, कारण हा स्पायडरमॅन पहिल्यांदा तिथं येतो. ‘थॉर: रॅग्नारॉक’ (२०१७) ‘इन्फिनिटी वॉर’च्या (२०१८) आधी, कारण एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला चिकटलेला आहे. आणि ‘इन्फिनिटी वॉर’ ते ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ यांच्यामध्ये दोन पिक्चर आहेत, ‘अँट-मॅन अँड द वास्प’ आणि ‘कॅप्टन मार्व्हल’. ते उतावीळपणानं ओलांडून जाऊ नका.

शेवटची नावं पूर्ण जाऊ द्या. पहिल्या ‘आयर्न मॅन’मध्ये सगळी नावं संपल्यावर वीरांची टोळी जमवणारा निक फ्युरी येतो, आणि पुढच्या अकरा वर्षांचं सूत तिथूनच निघतं. ‘एंडगेम’ला असा प्रसंग नाही, नुसता हातोड्याचा आवाज आहे, तिथं ताटकळत बसायची गरज नाही.

पाहायचं कसं: डेटा, लाइन, भाषा

मार्व्हलचे बहुतेक पिक्चर जिओहॉटस्टारवर असतात. स्पायडरमॅनच्या पिक्चरचे हक्क सोनीकडे आहेत आणि हल्कचा पिक्चर दुसऱ्या कंपनीनं वितरित केला होता, म्हणून हे तीन कधी एका ॲपवर, कधी दुसऱ्यावर, कधी भाड्यानं. सुरुवात करण्याआधी तेवीसही नावं शोधून वहीत खूण करा. अठरा पाहून झाल्यावर एकोणिसावा सापडत नाही असं होऊ देऊ नका.

रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हिशोब असा: साध्या दर्जात तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो, एचडीत त्याच्या दुप्पट धरा. म्हणजे साध्या दर्जातला दोन तासांचा पिक्चर एका दिवसाच्या पॅकमध्ये बसतो. १८१ मिनिटांचा ‘एंडगेम’ मात्र बसेलच असं नाही. त्यासाठी रात्री अकराला डाउनलोड लावा. बाराला नवा कोटा सुरू होतो, म्हणजे आजचा उरलेला आणि उद्याचा नवा असे दोन्ही एका फटक्यात वापरता येतात. शिवाय बारानंतर टॉवरवरची गर्दीही कमी होते. डाउनलोड केलेल्या पिक्चरला मुदत असते, ती ॲपमध्ये लिहिलेली असते. तेवीस एकदम उतरवून ठेवू नका, तीन-तीन उतरवा.

चालता पिक्चर थेट लावण्यापेक्षा डाउनलोड बरा, याचं कारण नेट नाही, लाइन आहे. वादळात डीपी उडाली की टॉवरही थोड्या वेळानं मान टाकतो. डाउनलोड केलेला पिक्चर मोबाइलच्या चार्जवर निदान संपतो तरी. अर्ध्यात बंद पडलाच आणि पुन्हा लावायला दोन दिवस गेले, तर आधीची वीस मिनिटं मागं नेऊन सुरू करा. तसं केलं नाही तर दुसरा अर्धा भाग पोरका वाटतो आणि दोष पिक्चरच्या माथी बसतो.

पाच-सात जण असाल आणि प्रोजेक्टर मिळत असेल तर चादरीपेक्षा चुन्यानं रंगवलेली भिंत बरी. मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटतं, चादर फुगते, आणि हल्क आधीच फुगलेला असतो. चादरच लावायची तर खालच्या काठाला बांबू घालून शिवा. साडेसातच्या आत सुरू करू नका. उजेड पूर्ण गेला नाही तर अंधारातले प्रसंग भिंतीवर नुसते राखाडी दिसतात.

भाषा एकच ठेवा. निम्मे हिंदीत आणि निम्मे इंग्रजीत पाहिले तर तुम्ही पिक्चरची नाही, डबिंगची तुलना करता. हिंदीतही आवाज बदलतात: ‘सिव्हिल वॉर’मध्ये कॅप्टन अमेरिकाला हिंदी आवाज वरुण धवनचा आहे, ‘होमकमिंग’मध्ये स्पायडरमॅनला टायगर श्रॉफचा. आवाज ओळखीचा निघाला की पहिली दहा मिनिटं लक्ष तिकडंच जातं. ते चिठ्ठीवर लिहून ठेवा म्हणजे नंतर पिक्चरला त्याची शिक्षा होत नाही.

आणि काय धरायचं नाही? केबलवर पाहिलेला धरू नका. जाहिरातींसाठी कापलेला असतो, शेवटची नावं तर जवळपास गेलेलीच असतात. पेनड्राइव्हवर फिरणारी, थेटरात चोरून काढलेली प्रत बेकायदा तर आहेच, शिवाय आवाज विहिरीतून आल्यासारखा. जागलीवर पाहिलेलाही धरू नका. एक डोळा मोबाइलवर आणि एक कान रानडुकराकडं. मध्येच उठून हाकाटी करून यायचं, तोवर थॉर कुठल्या ग्रहावर गेला पत्ता नाही. माळ्यावर बसून पाहायला मजा येते, पण तो पिक्चर यादीत घालायचा तर घरी पुन्हा पाहा.

त्याच रात्री चिठ्ठी

पिक्चर संपला की झोपण्याआधी चिठ्ठी भरा. पुढच्या बाजूला नाव, वर्ष, मिनिटं. मागं चार ओळी, जास्त नाही:

१. डोळे मिटल्यावर कोणता प्रसंग दिसतो?
२. मन कुठं भरकटलं?
३. खलनायकाला नेमकं काय हवं होतं, एका वाक्यात.
४. उद्या रात्री हाच पुन्हा लावला तर बसाल का?

भरलेली एक चिठ्ठी अशी दिसेल: ‘कॅप्टन अमेरिका: विंटर सोल्जर, २०१४, १३६ मिनिटं. लिफ्टमधली मारामारी, एकेक मजल्यावर माणसं चढत जातात आणि कॅप्टनला आधीच कळलेलं असतं. भरकटलं नाही, शेवटी विमानांच्या पडापडीत थोडं. खलनायकाला धोका ठरू शकणारी लाखो माणसं आधीच मारून टाकायची होती. हो, बसेन.’

दुसरी: ‘थॉर: द डार्क वर्ल्ड, २०१३, ११२ मिनिटं. थॉरच्या आईची अंत्ययात्रा, पाण्यावरचे दिवे. मधला तास भरकटला. खलनायकाला सगळीकडं अंधार करायचा होता. नाही.’ अंधारच हवा होता तर उन्हाळ्यात आमच्याकडं यायचं होतं, फुकटात मिळाला असता. पण गंमत बाजूला ठेवा आणि तिसरी ओळ पाहा: खलनायकाची इच्छा एका वाक्यात लिहिताना हात अडखळला, किंवा लिहिलेलं वाक्य वाचून काहीच वाटलं नाही, तर तो पिक्चर शेवटी खालच्या ढिगात जाण्याची शक्यता मोठी. तेवीस चिठ्ठ्या भरून झाल्या की हे आपोआप लक्षात येतं.

पहिल्या ‘आयर्न मॅन’च्या चिठ्ठीवर बहुतेक जण गुहा लिहितात. आयर्न मॅन होणारा टोनी स्टार्क ऐरणीवर तापलेल्या लोखंडावर घण घालतो, मुखवटा पाण्यात बुडवतो, वाफ येते. ज्यानं लोहाराच्या भात्यासमोर बसून विळा शेवटताना, म्हणजे तापवून-ठोकून धार काढताना, पाहिलं आहे त्याला तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. असं काही आपल्या ओळखीचं सापडलं तर चिठ्ठीवर जरूर लिहा. कुस्तीच्या वेळी तेच कामाला येतं.

नंबर मात्र त्या रात्री द्यायचा नाही. दोन रात्री शिळा होऊ द्या. ताजा पिक्चर सगळ्यांना हरवतो, कारण त्याचा गलका अजून कानात असतो. मित्रांसोबत शिट्ट्या मारत पाहिलेल्याला तर चार रात्री द्या.

तीन ढीग

तेवीस झाले, आता चिठ्ठ्या चटईवर पसरा. संत्रा तोडून आणला की आधी मोठा, मध्यम, बारीक असे ढीग पडतात. एकेक फळ हातात घेऊन सगळ्या फळांशी कोणी ताडून पाहत नाही. तसेच तीन ढीग करा. अंदाजे सात, नऊ, सात. एक-दोन इकडं तिकडं चालतील, पण वरच्या ढिगात आठच्या वर नकोत.

इथं नव्या माणसाची पहिली चूक होते: वरचा ढीग सतरांचा, मधला पाचांचा, खाली एक बिचारा हल्क. असं झालं तर चौथी ओळ वाचा. जिथं ‘हो’ लिहिलं नाही तो वरून उचला. तरी दहा उरले तर विचारा, याच्यासाठी उद्याचं जेवण तासभर उशिरा चालेल का? हा प्रश्न हसण्यासारखा वाटतो, पण तीन-चार चिठ्ठ्या लगेच खाली येतात.

कुस्ती

प्रत्येक ढीग वेगळा लावायचा. पहिल्या दोन चिठ्ठ्या घ्या, जिंकेल ती वर. तिसरी घ्या, तिची जागा शोधा. असं करत एकेक चिठ्ठी लागलेल्या रांगेत घालत जायची. युक्ती एवढीच की नवी चिठ्ठी रांगेतल्या पहिल्याशी लावायची नाही, मधल्याशी लावायची.

नमुना पाहा. समजा वरच्या ढिगात सात लागले आहेत: १ विंटर सोल्जर, २ इन्फिनिटी वॉर, ३ आयर्न मॅन, ४ रॅग्नारॉक, ५ गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी, ६ ब्लॅक पँथर, ७ द अ‍ॅव्हेंजर्स. हातात ‘सिव्हिल वॉर’. पहिली कुस्ती मधल्याशी, म्हणजे चौथ्या ‘रॅग्नारॉक’शी. जिंकला, म्हणजे खालचे तिघं आपोआप बाद. आता वरच्या तिघांतला मधला, दुसरा ‘इन्फिनिटी वॉर’. हरला. उरला तिसरा ‘आयर्न मॅन’. जिंकला. बस, तिसरी जागा. ‘आयर्न मॅन’ चौथ्यावर सरकला. सातांच्या रांगेत जागा शोधायला तीन कुस्त्या लागल्या, चौथी कधीच लागत नाही. (हा नमुना आहे, निकाल नाही. ‘ब्लॅक पँथर’ला तीन ऑस्कर मिळाले आहेत म्हणून तो सहावा कसा, असं कोणी म्हणेल. ऑस्कर वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीताचे होते. तुमच्या वहीत तुमचा निकाल चालतो.)

फायदा किती, तो आकड्यात बघा. तेवीसांची प्रत्येकाशी प्रत्येकाची कुस्ती लावली तर २५३ जोड्या होतात. ढीग न करता वरच्या युक्तीनं लावल्या तर जास्तीत जास्त ८४. सात-नऊ-सातचे ढीग करून लावल्या तर जास्तीत जास्त ४९. एका संध्याकाळचं काम.

कुस्तीचा प्रश्न मात्र दर वेळी एकच असला पाहिजे, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहिलेला असावा. सोयीचा प्रश्न हा: ‘आज रात्री या दोनपैकी एकच लागणार आहे, कोणता लावू?’ ‘चांगला कोणता’ असं विचारू नका. ‘चांगला’ म्हणजे एकदा हसू, एकदा मारामारी, एकदा रडू, आणि मग फेरा पडतो: ‘रॅग्नारॉक’नं ‘इन्फिनिटी वॉर’ला हरवलं, ‘इन्फिनिटी वॉर’नं ‘विंटर सोल्जर’ला, आणि ‘विंटर सोल्जर’नं पुन्हा ‘रॅग्नारॉक’ला. पहिल्या जोडीत तुम्ही हसू मोजलं, दुसऱ्यात भव्यता, तिसऱ्यात बांधेसूद गोष्ट. तिन्ही कुस्त्या त्याच एका प्रश्नानं पुन्हा लावा. बहुतेक फेरे सुटतात. नाहीच सुटला तर त्यातले दोघं बरोबरीत सोडवा. पण अख्ख्या यादीत बरोबरी दोनच वेळा. सवय लागली की सगळ्याच कुस्त्या बरोबरीत सुटतात.

ढीग लावून झाले की शिवेवर एकदा नजर टाका: वरच्या ढिगातला शेवटचा विरुद्ध मधल्यातला पहिला. खालचा जिंकला तर त्याला वर नेऊन तसाच मधल्याशी लावत जागा द्या. मधल्या आणि खालच्या ढिगाच्या शिवेवरही हेच.

‘एंडगेम’चं काय करायचं

प्रत्येक यादीत हा एकच पिक्चर डोकेदुखी देतो. त्यातला शेवटचा तास पाहून अंगावर काटा येतो, पण तो काटा एकट्या ‘एंडगेम’ची कमाई नाही, आधीच्या एकवीस पिक्चरनी त्यासाठी उसनवारी दिलेली आहे. कॅप्टनच्या हातात थॉरचा हातोडा येतो तेव्हा अंगण दणाणतं, कारण ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये तो हातोडा बहुतेकांनी उचलून पाहिलेला असतो आणि कॅप्टननं तो जेमतेम हलवलेला असतो. मालिका न पाहिलेला पाहुणा शेजारी बसला असेल तर तो म्हणेल, हातोडाच तर उचलला, एवढं काय झालं?

मग दोन मतं पडतात. एक म्हणतं, प्रत्येक पिक्चर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. पाहुण्याला आवडला नाही तर खाली. दुसरं म्हणतं, यादी मालिकेची आहे, उसनवारी धरायचीच. दोन्ही चालतात, पण सुरुवातीलाच एक निवडा आणि पहिल्या पानावर लिहा. मधेच बदललं तर ‘सिव्हिल वॉर’ आणि ‘इन्फिनिटी वॉर’चेही नंबर हलतात, कारण उसनवारीवर तेही जगतात. उसनवारी धरणं हेच जास्त खरं, असं आमचं मत. अकरा वर्षं चालणारी मालिका पाहायची आणि निकाल देताना ती पाहिलीच नाही असं समजायचं, हे जमत नाही.

कमाईकडं पाहू नका. ‘एंडगेम’नं जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर कमावले, त्यावरून तो तुमच्या अंगणात कितवा हे ठरत नाही. लोकांनी ऑनलाइन दिलेले तारे यादी पूर्ण झाल्यावरच बघा.

पारावरची यादी

एकट्याची यादी झाली की दोस्तमंडळी एकत्र यादी करायला बसतात, आणि तिथं खरी भांडणं होतात. हात वर करून मतं घेऊ नका. आधी प्रत्येकानं आपापली यादी गुपचूप लिहून घडी घालायची, मग सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. नाही तर पहिल्यानं ‘एंडगेम’ वर टाकला हे ऐकून दुसरा मुद्दाम त्याला शेवटी ढकलतो.

मग नंबरांची बेरीज. ज्याची बेरीज कमी तो वर. पाच जण आणि चार पिक्चर घेऊ:

पहिला: एंडगेम १, आयर्न मॅन २, विंटर सोल्जर ३, रॅग्नारॉक ४.
दुसरा: विंटर सोल्जर १, आयर्न मॅन २, रॅग्नारॉक ३, एंडगेम ४.
तिसरा: रॅग्नारॉक १, आयर्न मॅन २, विंटर सोल्जर ३, एंडगेम ४.
चौथा: एंडगेम १, आयर्न मॅन २, रॅग्नारॉक ३, विंटर सोल्जर ४.
पाचवा: विंटर सोल्जर १, रॅग्नारॉक २, आयर्न मॅन ३, एंडगेम ४.

बेरीज: आयर्न मॅन ११, विंटर सोल्जर १२, रॅग्नारॉक १३, एंडगेम १४. एकूण ५० आली पाहिजे, कारण प्रत्येकाच्या नंबरांची बेरीज दहा. नाही आली तर कोणीतरी एकच नंबर दोनदा लिहिला आहे. हात वर केले असते तर ‘एंडगेम’ आणि ‘विंटर सोल्जर’ दोन-दोन मतांवर अडले असते. बेरजेत ‘एंडगेम’ थेट तळाला.

आता कोणीतरी उठणारच: ‘काहून बाप्पा, ज्याले एकानंबी पयला नंबर देला नाई, थो पयला कसा?’ प्रश्न रास्त आहे. बेरजेत सगळ्यांना बऱ्यापैकी आवडणारा जिंकतो, दोघांना जीव की प्राण आणि तिघांना नकोसा असणारा हरतो. हे मान्य नसेल तर आधीच ठरवा की पहिल्या नंबराची मतं मोजायची आणि बरोबरी झाली तरच बेरीज. निकाल पाहून पद्धत बदलायची नाही, एवढंच.

एखाद्यानं एखादा पिक्चर पाहिलाच नसेल तर त्याच्या यादीत तो शेवटी टाकू नका. न पाहणं आणि न आवडणं वेगळं. सर्वांनी पाहिलेले तेवढेच ठेवा, बाकीचे प्रत्येकाच्या यादीतून काटा आणि उरलेल्यांना पुन्हा एकपासून नंबर द्या. पोट्ट्यांची यादी वेगळी करा. दहा-बारा वर्षांच्या पोराला ‘अँट-मॅन’ वर हवा असतो आणि ते बरोबरच आहे, पण दोन्ही मिसळल्या की दोन्हींचा लगदा होतो.

यादी वाचायची कशी

लागलेल्या यादीत आडनावं शोधा, म्हणजे दिग्दर्शक. ‘विंटर सोल्जर’, ‘सिव्हिल वॉर’, ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ हे चारही रूसो बंधूंचे. चारही पहिल्या सातात असतील तर तुम्हाला गर्दीची, तुटणाऱ्या दोस्तीची गोष्ट आवडते. तायका वाइटिटीचा ‘रॅग्नारॉक’ आणि जेम्स गनचे दोन्ही ‘गार्डियन्स’ वर असतील तर हसवणाऱ्यांकडं कल आहे. उरलेल्या चौदांत आधी काय पाहायचं ते यावरूनच ठरवा: हसवणारे हवे असतील तर ‘गार्डियन्स ३’ (२०२३), पण त्यात रडूही आहे हे आधीच सांगितलेलं बरं. ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ (२०२४) फक्त मोठ्यांसाठी. पोरं झोपल्यावर लावा.

आयर्न मॅनचे तिन्ही पिक्चर पहिल्या पाचात आले असतील तर यादी पिक्चरची नाही, टोनी स्टार्कची झाली आहे. ‘आयर्न मॅन २’ची चिठ्ठी काढून तिसरी ओळ पुन्हा वाचा.

नवा पिक्चर घालताना अख्खी यादी मोडायची नाही. तेवीसांच्या रांगेत बाराव्याशी पहिली कुस्ती, मग सहाव्याशी किंवा अठराव्याशी; जास्तीत जास्त पाचात जागा मिळते. यादी बत्तीसांची झाली की एखाद्याला सहावी लागू शकते.

चिठ्ठ्या रबर लावून स्टीलच्या डब्यात ठेवा, वहीत नको. पावसाळ्यात खेड्यातल्या घरात कागद ओल धरतो, जेल पेनचं अक्षर पसरतं आणि मागची बाजू पुढं उमटते. पेन्सिलीचं तसंच राहतं. पुढच्या एप्रिलला डबा उघडाल तेव्हा पहिल्या दहांतले दोन-तीन नंबर तुमचे तुम्हालाच पटणार नाहीत. तेवढ्याच कुस्त्या पुन्हा लावा आणि जुना नंबर न खोडता शेजारी नवा लिहा.